तिथीची पाऊणपट

आमच्या किनाऱ्यावर भरतीचं गणित पोरांना पाढ्यांबरोबरच येतं. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा पूर्ण भरतीचा. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला पाणी वर. पौर्णिमा-अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे सुकती, म्हणजे ओहोटी. वाऱ्यापावसाने, खाडीच्या तोंडाशी थोडं पुढंमागं होतं, पण होडी लोटायला एवढा हिशेब पुरतो.

मला हा हिशेब धावण्यासाठी लागायचा. २००८ ते २०११, कॉलेजची तिन्ही वर्षं, मी पहाटे साडेचारला उठून धावलो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास त्या वेळी पाणी पार खाली गेलेलं असतं आणि किनाऱ्यावरची वाळू, ओली पुळण, घट्ट, मोकळी पसरलेली असते. पाय रुतत नाही, गुडघ्याला दणका बसत नाही. अष्टमी जवळ आली की त्याच वेळी लाटा थेट सुरूच्या झाडांच्या मुळाशी. मग सड्यावर, वरच्या कातळी पठारावर, जायचं. सड्यावरचा जांभा खरखरीत, बुटाचे तळवे तीन महिन्यांत खाऊन टाकतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं आणि पाऊल पडेल तिथे पाहून टाकावं लागतं. म्हणून मी दोन जोड ठेवले होते, चांगला पुळणीचा आणि फाटका सड्याचा. रात्री झोपताना भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि उद्याचा जोड दारात काढून ठेवायचा.

मला सैन्यात अधिकारी व्हायचं होतं. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका वाडीत, रापणकराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याच्या, घरात बसून हे वाक्य मोठ्याने म्हणायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

सैन्य आमच्या भागाला नवीन नाही. दापोलीला इंग्रजांचा कॅम्प होता, जुनी माणसं तिला अजून काप दापोली म्हणतात. पेन्शनीत निघालेले सुभेदार-हवालदार तिथे घर करून राहायचे. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, तेही निवृत्तीनंतर दापोलीत राहिले. मराठा लाइट इन्फन्ट्री, महार रेजिमेंट, पुढे नौदल, कोकणातून माणसं जातच राहिली. माझ्या लहानपणी आमच्या आणि शेजारच्या वाडीत मिळून सात पेन्शनर होते. नाईक, हवालदार, एक नायब सुभेदार. अधिकारी एकही नाही. तसा कुणी होईल असं कुणाच्या बोलण्यातही नसायचं. भरतीला जायचं म्हणजे शिपायाच्या भरतीला जायचं, उंची-छाती मोजून घ्यायची, सोळाशे मीटर धावायचं. सायब हा कुठून तरी दुसरीकडून येणारा माणूस होता.

माझे आजोबा, आईचे वडील, मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. बेळगावला ट्रेनिंग, १९६५ आणि १९७१ दोन्ही पाहिलेली. आजी गेल्यावर ते कणकवलीकडचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले होते. कुठल्याही गोष्टीत ‘सायब’ शब्द आला की ते खुर्चीत जरा ताठ व्हायचे आणि आवाज खाली आणायचे. पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल बोलतानाही. त्यांच्यासमोर मी म्हणालो, मी अधिकाऱ्याची परीक्षा देणार. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू सायब होतलंस?" एवढंच विचारलं आणि पुढे काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं नाही त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेज शिजत होती. आजोबा चुलीशी येऊन आईला म्हणाले, "निवळ टाकू नको गो. झिलाच्या कपड्यांक व्हयी."

उकड्या तांदळाच्या पेजेवर जे पातळ पाणी येतं त्याची खळ. मी एनसीसीत गेलो त्या आठवड्यापासून माझा गणवेश मीच धुऊन कसाबसा इस्त्री करत होतो. आजोबांनी त्या दिवशी तो ताब्यात घेतला आणि मला समोर बसवून शिकवलं. निवळ जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळायची, शिताचा कण राहिला तर खाकीवर वाळून पांढरा ठिपका पडतो. गरम असताना कपडा बुडवायचा नाही, गुठळी धरते. तेवढंच साधं पाणी मिसळायचं. शर्ट बुडवला की पिळायचा नाही, दोन तळहातांत दाबून पाणी काढायचं. उलटा करून सावलीत टाकायचा. पूर्ण वाळू द्यायचा नाही, अंगाला लावला तर गार लागेल इतपत ओल असताना घ्यायचा. इस्त्री लोखंडी, तिच्यात करवंटीचे निखारे. बाहीची घडी आधी नखाने ओढून घ्यायची, मग त्यावर इस्त्री एकदाच, वरून खाली. परत फिरवली की दोन घड्या दिसतात आणि दोन घड्या म्हणजे परेड घेणाऱ्या उस्तादांच्या हाती सापडलात.

जून ते सप्टेंबर काही वाळतच नाही. तेव्हा गणवेश चुलीवरच्या दांडीला टांगायचा. त्याला धुराचा आणि पेजेचा वास यायचा, तो परेडला भर पावसातही माझ्या नाकात असायचा. खळीच्या कपड्याला झुरळं लागतात म्हणून आजोबा रात्री उठून दोनदा तो झटकायचे. मी सायब होणार यावर ते पुढची दोन वर्षं एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्या दोन वर्षांत माझ्या शर्टाच्या बाहीवर कधी दोन घड्या दिसल्या नाहीत.

एनसीसी सुरू झाली १९४८ मध्ये. पण आमच्यासारख्या पोरांसाठी तिचा व्यवहारातला अर्थ वेगळा होता. तीन वर्षं पूर्ण केली, ‘सी’ सर्टिफिकेटला किमान ‘बी’ ग्रेड आणली आणि पदवीला ५० टक्के ठेवले, की स्पेशल एन्ट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडायच्या पाच दिवसांच्या चाचणी-मुलाखतीला, बोलावणं येऊ शकतं. एरवी आधी यूपीएससीची सीडीएस ही लेखी परीक्षा, वर्षातून दोनदा. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीसाठी तीत इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, डेहराडूनच्या मिलिटरी अकॅडमीसाठी गणितही. हे मला कळलं ते कॉलेजच्या नोटीस बोर्डावरच्या एका पिवळ्या पडलेल्या कागदावरून. घरी, वाडीत, शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मुलं कमी पडतात म्हणून अधिकारी होत नाहीत असं लोक म्हणतात तेव्हा मला तो पिवळा कागद आठवतो आणि वाईट वाटतं. किती जणांच्या कॉलेजात तो लागलाच नसेल.

परेड आठवड्यातून दोनदा. सहाची पहिली एसटी चुकली तर रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, ठरलेला. उस्ताद उत्तरेकडचे हवालदार, त्यांच्या ‘सावधान’मधला शेवटचा ‘न’ ऐकूच यायचा नाही. ड्रिल मला लवकर जमली. पॉइंट टू टूची रायफल त्याहून लवकर. आडवं पडून, अर्धा श्वास सोडून तिथेच थांबायचं आणि बोट आवळायचं. गळ टाकून बसलेल्या माणसाला श्वास थांबवायची सवय असते. नकाशा मात्र माझा खरा आवडता. उस्तादांनी सर्व्हेचा नकाशा पसरला तेव्हा आमचा अख्खा सडा समोच्च रेषांनी कातला होता आणि खालची पुळण बोटाएवढीही रुंद नव्हती. मी सड्याच्या टोकावरून देवळाच्या वडाचं बेअरिंग, म्हणजे कंपासने दिशेचा कोन, घेतलं, नकाशावर रेघ ओढली, ती बरोबर देवळाच्या खुणेवर गेली. त्या दिवशी मी घरी येऊन आजोबांना ते कंपासशिवाय, हातानेच करून दाखवलं. त्यांनी माझा अंगठा जरा उजवीकडे सरकवला.

पण माझं इंग्रजी अडत होतं. बोलायची वेळ आली की घसा कोरडा. म्हणून शेवटच्या वर्षी पुण्याच्या एका क्लासला महिनाभर गेलो. फी बाबांनी नवं जाळं भरायला ठेवलेल्या पैशांतून दिली. तिथे सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार होती. तुमचा छंद काय, तुमचा दोष कोणता, दोष असा सांगा की तो गुण वाटेल. मैदानावर पहिलं बोला, मोठ्याने बोला, हात पुढे करा, म्हणजे लीडर दिसाल. वडील काय करतात या प्रश्नाला मी जे खरं ते सांगितलं, तर शिकवणारे म्हणाले, मासे पकडतात असं नको, ‘फिशरीज बिझनेस’ म्हण. मी वहीत लिहून घेतलं. त्याबद्दल मला त्यांचा आज राग आहे, आणि लिहून घेतलं त्याबद्दल स्वतःचा जास्त.

सीडीएसची लेखी निघाली आणि २०११ मध्ये भोपाळचं बोलावणं आलं. कणकवलीहून गाडी, कल्याणला बदलून भोपाळ. पहिल्या दिवशी बुद्धिमत्तेच्या चाचण्या आणि ते धूसर चित्र, तीस सेकंद बघायचं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात बोलायचं. तिथून निम्म्याहून जास्त मुलं संध्याकाळच्या आत परत जातात. मी राहिलो. दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या चाचण्या. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य. साठ प्रसंग, तीस मिनिटं. बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं, तिथे आपल्याच मनातली गोष्ट लिहायची. ते कोरं चित्र समोर आलं तेव्हा मी क्लासात पाठ केलेली पूरग्रस्तांची गोष्ट लिहिली. समुद्राकाठी जन्मलेला मी, मी नदीच्या पुराची गोष्ट लिहिली.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, वडील काय करतात. मी म्हणालो, फिशरीज बिझनेस. ते म्हणाले, किती बोटी आहेत? मी म्हणालो, एक, भागीदारीत. इंजिनाची? नाही. मग मासे कसे पकडता? मी दोन वाक्यांत काहीतरी गुंडाळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, थोडं थांबले, आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या थांबण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. मैदानावर मी पहिला बोललो, मोठ्याने बोललो, हात पुढे केला. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स झाली, निवडलेल्यांचे चेस्ट नंबर वाचले गेले, त्यात माझा नव्हता.

परतीच्या गाडीत माणगाव गेलं तेव्हा मी जागा होतो. माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. ते याच तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधली, म्हणजे छोट्या तुकडीतली, बाकी सगळी माणसं पडली. हे एकटे पुढे गेले, ती मशीनगन बंद पाडली आणि तिथेच मारले गेले. वय बावीसच्या आसपास. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांची गोष्ट मी आजोबांकडून शंभर वेळा ऐकली होती, ती शौर्याची गोष्ट म्हणून. त्या रात्री पहिल्यांदा डोक्यात आलं की नाईक म्हणजे सेक्शन कमांडर. सांगायला वर कुणी उरलं नव्हतं आणि हुकूम द्यायला खाली कुणी उरलं नव्हतं, अशा ठिकाणी आमच्या कोकणातल्या एका पोराने काय करायचं ते स्वतः ठरवलं होतं. मग मी कुठल्या गोष्टीला लाजत होतो?

घरी आल्यावर आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मी मोठ्याने बोललो, पुढे झालो, तरी घेतलं नाही, असं मी सांगत होतो. ते म्हणाले, "आराडान हुकूम होता तर कावळे सुभेदार झाले असते." मग त्यांनी दोन वर्षांचं न बोललेलं बोलायला घेतलं. थंडीतल्या एका चौकीवर त्यांचे सायब होते, नवीन, मिसरूडही नीट न फुटलेले. रोज रात्री ते एकेकाचे मोजे काढायला लावायचे आणि टॉर्च लावून पाय बघायचे. बोटं काळी पडली का, ओल राहिली का. सगळ्यांचे पाय बघून झाले की मग स्वतः जेवायला बसायचे. "माझ्या वयाचो माणूस, आणि त्या पोरान माझे पाय हातात घेतल्यान. सायब म्हणजे ता. आधी म्हायत व्हया, कोणाचो पाय खय दुखता."

डेहराडूनच्या मिलिटरी अकॅडमीत चेटवुड हॉलमध्ये एक वचन कोरलेलं आहे. १९३२ मध्ये अकॅडमी सुरू झाली तेव्हाच्या भाषणातलं. देशाची सुरक्षितता आणि मान आधी, तुमच्या हाताखालच्या माणसांचं हित त्यानंतर, तुमचं स्वतःचं सुख सगळ्यात शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. मी ते क्लासात पाठ केलं होतं. आजोबांनी ते कधी वाचलं नव्हतं, पण त्यांच्या पायांना ते ठाऊक होतं.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर मी बाबांबरोबर रोज रापणीला गेलो. लहानपणापासून दोर ओढत आलो होतो, पण त्या मोसमात पहिल्यांदा नीट पाहिलं. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धगोल घेत जाळं टाकत जाते आणि दुसरं टोक घेऊन लांबवर परत किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडे पंधरा-वीस माणसं, पाठ जमिनीकडे, एक-एक पाऊल मागे. खरी मेख इथे आहे. एका बाजूने जोर जास्त झाला की जाळं तिरकं होतं आणि ढिल्या बाजूने मासळी निघून जाते. सगळ्यांनीच घाई केली की जाळ्याचा खालचा दोर वाळूवरून उचलला जातो आणि बांगडा खालून पसार. रापणीचा म्होरक्या, तांडेल, मध्ये उभा असतो. आमचे तांडेल माझे बाबाच. ते ओरडत नाहीत. समुद्राच्या आवाजात ओरडलेलं ऐकूही येत नाही. ते दोन्हीकडे बघतात, कुणाचा हात थकलाय, कोण नुसता दोर धरून चाललाय, कुठे म्हातारा पुढे लागलाय. एक हात वर झाला की डावीकडचे थांबतात, खाली आला की चालू. मधूनच स्वतः जाऊन कमी पडणाऱ्या बाजूला दोराला लागतात. मासळी आली की वाटे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, मग माणसांचे. आमच्या वाडीत जो आजारी असेल त्याच्या घरी त्याचा वाटा पोचतो. न विचारता, सगळ्यात आधी.

वीस वर्षं हे माझ्या डोळ्यांपुढे चाललं होतं आणि मी पुण्याला जाऊन नेतृत्व शिकत होतो.

पुढच्या वर्षी एनसीसी एन्ट्रीतून पुन्हा भोपाळचं बोलावणं आलं. त्या वेळचं मी थोडक्यात सांगतो, एक प्रसंग सोडून. प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कच्या, म्हणजे गटाने अडथळे पार करायच्या चाचणीच्या, तिसऱ्या टप्प्यावर आम्ही आठ जण अडकलो. हातात एक फळी, एक लाकडी बल्ली, एक दोरी, आणि पुढे न्यायचं एक जड खोकं. लाल रंगाला हात लावायचा नाही. फळी पलीकडच्या ओट्यापर्यंत पुरत नव्हती. पाच जण एकाच वेळी बोलत होते. मागे दोन मुलं खोकं उचलूनच उभी होती, त्यांच्या दंडाच्या शिरा फुगल्या होत्या आणि कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. मी मागे गेलो, म्हणालो, ते खाली ठेवा आधी. त्यातला एक, चेहऱ्यावरून पंजाबचा वाटला, खोकं ठेवून हात झटकत म्हणाला, फळीच्या या टोकावर वजन दिलं तर ती पुढे अधांतरी सरकवता येईल. तो हे आधीपासून सांगत होता, पण वजन हातात असलेल्या माणसाचं कोण ऐकतं? मी सगळ्यांना एकदाच म्हणालो, याचं ऐकून बघू. आणि मी फळीच्या मागच्या टोकावर बसलो. पाच जण एकेक करून माझ्या वजनावर पुढे गेले, बल्ली टाकली, खोकं गेलं. आमचा कामाचा वेळ संपायला आला होता. मी शेवटी गेलो. दोराचं किनाऱ्यावरचं टोक धरून बसणारा माणूस कसा बसतो ते मला माहीत होतं, तसाच बसलो होतो.

मुलाखतीत साहेब वेगळे होते, प्रश्न तोच. मी म्हणालो, माझे वडील रापणकर आहेत. ते काय असतं, त्यांनी विचारलं. इंग्रजी जिथे संपलं तिथे मी हिंदीत सांगितलं, हाताने टेबलावर अर्धगोल काढून दाखवला. ते पुढे झुकले. किती माणसं, पगार कोण देतं, भांडण झालं तर कोण सोडवतं. मग विचारलं, एखादा माणूस आजारी पडला, आलाच नाही, तर त्याचा वाटा? मी सांगितलं. ते काही लिहीत नव्हते, नुसते ऐकत होते.

पाचव्या दिवशी माझा चेस्ट नंबर वाचला गेला.

मी पुढच्या बूथवरून घरी फोन केला. बाबा समुद्रावर होते, आजोबांनी घेतला. मी सांगितल्यावर पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग आईने फोन घेतला आणि म्हणाली, ते उभे राहिलेत.

मेडिकल झालं, त्यातही पास. त्यानंतर मेरिट लिस्ट लागली. त्या एन्ट्रीला मुलांच्या जागा ५० च्या आसपास होत्या, माझं नाव त्यात आलं नाही. रेकमेंड होऊनही जागेअभावी बाहेर राहणारी मुलं दर वेळी असतात. ज्याला त्याला वाटतं आपण नसू. वय हातात होतं, आणखी एक-दोनदा जाता आलं असतं. पण त्या पावसाळ्यात बाबांचं पाठीचं दुखणं बळावलं, जाळ्याचं कर्ज होतं, आणि बी.एड.ला नंबर लागला होता. मी गेलो नाही. ही गोष्ट मला आजही बोचते. चेन्नईचं ट्रेनिंग ४९ आठवड्यांचं असतं. त्यानंतरची कितीतरी वर्षं मी मनात मोजत राहायचो, आत्ता आपण अमुक आठवड्यात असतो, आत्ता पासिंग आउट, आत्ता लेफ्टनंट, आत्ता कॅप्टन. आजोबा २०१४ ला गेले. त्यांच्या पेटीत त्यांच्या बिल्ल्यांबरोबर माझं ‘सी’ सर्टिफिकेट होतं. ते मी शोधत होतो.

आता मी हायस्कूलला शिकवतो. माझ्या बहिणीची मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एनसीसीत. ४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन झाला, तेव्हा ती बारावीत होती, आम्ही सगळे पाहायला गेलो होतो. युद्धनौका, हेलिकॉप्टरं, पाठीमागे सिंधुदुर्ग किल्ला. मला वाटलं ही आता नेव्हीचं नाव काढणार. तिने आर्मी म्हटलं. मुलींना चेन्नईची वाट १९९२ पासून खुली आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, एनडीएची दारं मात्र सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या आदेशानंतर उघडली, आणि तिथून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, १७ जणी. ती बातमी तिने कापून वहीत चिकटवली आहे. माझ्या वेळी नोटीस बोर्डावरचा एक कागद होता. हिच्या मोबाइलमध्ये सगळं आहे, कुठल्या बोर्डाला कसं जायचं, कुठल्या चाचणीला किती वेळ. माहितीची भूक भागली आहे, याचा मला मनापासून आनंद होतो.

गेल्या महिन्यात ती वही घेऊन माझ्याकडे आली, मुलाखत घे म्हणाली. आम्ही पडवीत बसलो. मी विचारलं, वडील काय करतात? ती म्हणाली, "ट्रान्सपोर्ट बिझनेस."

माझे भावोजी रिक्षा चालवतात. मालवण स्टँडला त्यांचा नंबर असतो.

मी वही मिटली. तिला विचारलं, स्टँडवर नंबर कोण लावतं? रात्री दोनला कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर कोण उठतं, ते कसं ठरतं? गणपतीत मुंबईकर आले की भाड्यावरून वाद होतात, ते कोण मिटवतं? तिला यातलं बरंचसं माहीत होतं. माहीत असून तिने कधी ते सांगण्यासारखं मानलं नव्हतं. मी म्हणालो, हे सांग. ती वैतागली. म्हणाली, "मामा, हे विचारतात का तिकडे? आणि तुझं तरी झालं कुठे?"

नाही झालं, मी म्हणालो. मग मी तिला ती भोपाळची दोन्ही टेबलं सांगितली. पहिल्या टेबलावर साहेबांनी पेन खाली ठेवलं ते, आणि दुसऱ्यावर मी हाताने अर्धगोल काढला तो. तिने मध्ये काही विचारलं नाही. बराच वेळ वहीच्या कडेला पेनाने टिचक्या मारत बसली. मग म्हणाली, रात्रीचे पेशंट बाबाच नेतात जास्त. इतर कुणी फोन उचलत नाही म्हणून. आणि त्याचे पैसे घेत नाहीत, आई भांडते त्यावरून.

"हे इंग्रजीत सांग," मी म्हणालो.

ती अडखळत सांगू लागली. दोन ठिकाणी थांबली, एका ठिकाणी हिंदीत गेली, परत आली. काळोख पडला होता. आत ताई उद्याच्या पेजेचे तांदूळ निवडत होती.

निघताना तिने कॅलेंडरकडे पाहिलं. "उद्या षष्ठी," ती म्हणाली आणि बोटांवर मोजलं. "साडेचारला भरती. पुळण मिळायची नाही."

"सड्यावर जा. जुने बूट घाल."

"जुने फाटलेत."

माझे मी फेकले नव्हते. माळ्यावर होते. मी शिडी लावली.